समुद्राचा तळ, मुक्काम बेंबळी

बेंबळीला समुद्र नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर एखादा उत्साही वाचक पोहण्याचे कपडे बांधायला घ्यायचा. उस्मानाबाद जिल्ह्यातलं हे मोठं गाव. मी गेलो त्या वर्षी तिथल्या विहिरींनाही पाणी नव्हतं. समुद्र मी पुण्याहून नेला होता. गोणपाटाच्या पिशवीत, तीन तुकडे.

तुकडे माझे नव्हते, माझ्या भाचीचे होते. सुधा भूशास्त्रात संशोधन करते आणि मी शाळेत भूगोल शिकवतो. म्हणजे ती पृथ्वीवर हातोडा मारते आणि मी नकाशावर छडी. आदल्या उन्हाळ्यात तिनं लडाखमध्ये, सिंधूच्या काठावरच्या डोंगरातून हे दगड पाठीवर वाहून आणले होते. तिच्या म्हणण्याप्रमाणे हिमालय उभा राहण्याआधी तिथं महासागर होता. इकडून आपली भूमी सरकत सरकत वर गेली, पलीकडे आशियाची भूमी होती, आणि मधला महासागर हळूहळू मिटला. त्याचा तळ जवळजवळ सगळा पृथ्वीच्या पोटात गेला. पण काही चिपा दोन भूमींच्या चिमटीत सापडल्या, वर ढकलल्या गेल्या आणि डोंगरात अडकून राहिल्या. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे सरकतात आणि पूर्वीही सरकत होते, याची साक्ष देणारे हे दगड.

तिघांची रूपं वेगळी. हिरवा दगड सापाच्या कातडीसारखा, हाताला गुळगुळीत. तो तळाच्याही खालचा. काळा दगड म्हणजे समुद्राच्या तळाशी फुटलेला लाव्हा. गार पाण्यात पडल्या पडल्या तो थिजला, म्हणून त्याला उशीसारखी गोलाई आणि बाहेरून काचेची पातळ साल. आणि तांबडा सगळ्यांत वरचा. सुईच्या टोकाएवढ्या समुद्री जीवांची कवचं साचून साचून झालेला.

"एकटा दगड काही सिद्ध करत नाही, मामा," सुधा म्हणाली होती. "खाली हिरवा, वर काळा, त्याच्या वर तांबडा, असे तिघं एकत्र सापडले की मगच तोंड उघडायचं."

मी तोंड उघडायला कधीच इतका वेळ थांबलेलो नाही. बेंबळीच्या दूध सोसायटीच्या वार्षिक दिवसाचं व्याख्यान मी कधीच कबूल करून बसलो होतो. सोसायटीचे सेक्रेटरी कांबळे गुरुजी, तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवणारे. त्यांनी पत्रात लिहिलं होतं, 'दरवर्षी चाऱ्यावर व्याख्यान ठेवतो. यंदा चाराच नाही, तेव्हा चाऱ्यावर ऐकून काय करायचं? काहीतरी दूरचं सांगा.'

याहून दूरचं माझ्याकडे काही नव्हतं. सुधाकडे मी चार दिवस भुणभुण केली. शेवटी तिनं दगड दिले, प्रत्येकावरचा पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावरचा आकडा मला दाखवला आणि बजावलं, "पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही. भिंगाखाली बघायला तांबड्याचा पातळ काप अजून काढलेला नाही. आणि काचेची साल असलेला काळा माझ्याकडे हा एकच आहे, सतरा नंबर. हे दोन गेले तर माझं प्रबंधाचं तिसरं प्रकरण गेलं. कळलं?"

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. शपथ घेताना मी फार चांगला दिसतो.

पहिला दिवस: सोलापूर ते तुळजापूर

सोलापूरपर्यंतचा प्रवास सोडून देतो. आगगाडीत मी झोपलो होतो आणि पिशवी मांडीवर होती. तुळजापूरच्या एस.टी.त शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय हाय वो पिशवीत, एवढी उराशी धरलीया?"

"दगड."

बाईंनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि त्या खिडकीकडे सरकल्या. पुढचा रस्ताभर मला ऐसपैस जागा मिळाली.

तुळजापूरच्या अलीकडे घाट लागतो. डोंगर कापून रस्ता नेला आहे, तिथं खडकाचे थर एकावर एक स्वच्छ दिसतात, भाकऱ्यांची चवड रचावी तसे. हाही लाव्हाच. पण हा उघड्या जमिनीवर वाहत आला, पसरला आणि सावकाश निवला. समुद्राशी त्याचा संबंध नाही. एस.टी.त उभं राहून हे सगळ्यांना सांगावं असं मला फार वाटलं. पण पिशवी मांडीवर होती.

मुक्काम एका ओळखीच्या शिक्षकांकडे. पुण्यात पाहुण्याला पाणी न विचारता देतात आणि चहा विचारून देतात. इथं उलट. चहा आपोआप आला. मग यजमानांनी जरा अवघडून विचारलं, "पाणी लागेल का?" मी नाही म्हटलं तेव्हा त्यांना बरं वाटलेलं दिसलं. सकाळी आंघोळीला एक तांब्या मिळाला. एका तांब्यात आंघोळ करायची तर डोक्यापासून सुरुवात करायची नाही, हे मला डोक्यापासून सुरुवात केल्यावर समजलं.

दुसरा दिवस: खडीवर

उस्मानाबादला सोसायटीचा टेंपो मला न्यायला आला. बरोबर कांबळे गुरुजी होते. चाळिशीचे, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. टेंपोत दुधाची रिकामी कॅनं खडखडत होती.

"भरलेली असली की वाजत न्हाईत," गुरुजी म्हणाले. "आता गावाला टेंपो कुठं आला ते लांबूनच कळतं."

पिशवी मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसलो. आता इथं माझा कबुलीजबाब सुरू होतो. केबिनमध्ये तीन माणसं, गियरचा दांडा माझ्या गुडघ्यात, आणि गुरुजी म्हणाले, "मागं ठेवा की सर, कॅनांच्या मधी. दगडाला काय व्हतंय?" मी ठेवली. महासागर मिटायला कोट्यवधी वर्षं लागली. माझी शपथ मोडायला तीन मैल पुरले.

बेंबळीच्या अलीकडे रस्त्यावर रोजगार हमीचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंना खडी फोडणाऱ्या बाया ओळीनं बसलेल्या. सायकलच्या टायरच्या तुकड्याची कडी करून त्यात दगड धरायचा आणि हातोडा मारायचा, म्हणजे कपच्या डोळ्यांत उडत नाहीत. रस्ता अर्धा उखडलेला. टेंपो दगडांत रुतला. सगळी कॅनं खाली काढली, पिशवी खाली काढली, टेंपो ढकलला, कॅनं पुन्हा चढवली. हे सगळं होईपर्यंत मी लिंबाखाली चहा घेत मुकादमाला घाटातल्या थरांविषयी सांगत होतो. मुकादम ऐकत होता. मला तेवढं पुरतं.

पिशवी राहिली. तुम्हीच सांगा, का राहणार नाही? खडीच्या कामावर गोणपाटात दगड दिसले तर ते कुणाचे म्हणून कोण विचारेल?

गुरुजींच्या घरी पोचलो. त्यांच्या पत्नीनं हुलग्याचं माडगं पुढं ठेवलं. दाट, गरम, वरून लसणाची फोडणी. मी दुसरी वाटी मागितली आणि मग पिशवी मागितली. वाटी आली.

गुरुजींनी सायकल काढली. मी मागच्या कॅरिअरवर. उन्हात तीन मैल कॅरिअरवर बसून येणाऱ्या माणसाला पृथ्वी सपाट नाही याविषयी शंका राहत नाही, कारण प्रत्येक उंचवटा स्वतः भेटायला येतो. आम्ही पोचेपर्यंत दोन तास उलटून गेले होते. गोणपाट होतं. नीट घडी घालून त्यावर एक बाई बसली होती.

गुरुजींनी ओळख करून दिली. धुरपाबाई, तिच्या टोळीतली सगळ्यांत जुनी खडी फोडणारी, बहात्तरच्या दुष्काळापासून हातोडा हातात.

"बाई, या पोत्यात दगड होते," मी म्हणालो.

"व्हते की. तीनच. तीन दगडं पोत्यात घालून कोन आनतंय? म्या म्हनलं, इंजिनेर सायबानं नमुना धाडला आसंल."

"मग केलंत काय त्यांचं?"

"नमुना फोडूनच बगत्यात न्हवं?"

माझा चेहरा बघून आजूबाजूचे हातोडे थांबले.

"हिरवा तिकडं टाकला बगा," तिनं मागं बोट केलं. "त्यो दगड न्हाय, साबन हाय. हातोडा मारला की भुगा. रस्त्याला घातला तर पयल्या गाडीला पीठ व्हईल." हिरवा टाकाऊ दगडांत पडला होता, एका बाजूनं खरचटलेला, पण शाबूत.

"तांबडा?"

"त्यो लई कठीन. हातोड्यातनं ठिणगी निगाली. तात्यानं बगितलं आन घिऊन गेला. त्याला इडी पेटवायच्या चकमकीला गारेचा दगड पायजेच व्हता." तात्या म्हणजे कामावर पाणी वाटणारा म्हातारा. आज तो लवकर घरी गेला होता.

"आणि काळा?"

"काळा काय, काळाच. आपल्यातलाच वाटला." तिनं समोरच्या कंबरभर ढिगाकडे हात केला. "त्यात हाय."

सतरा नंबर ढिगात होता. ढीग काळा होता. मी गुडघ्यावर बसलो. सुधानं मला शिकवलं होतं की कोरडा दगड खोटं बोलतो. ओला केला की त्याचा खरा रंग दिसतो. प्यायच्या पाण्याची घागर समोर होती, पण ती दगडावर ओतायची कुणाची छाती? डोंगरात सुधा दगड सरळ चाटते. मीही एक कपची उचलून चाटली.

मग पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "आगं बया! पुन्यात बी दुष्काळ पडला व्हय? दगडं चाटाया लागलं मास्तर!"

त्या हसण्यानं सगळी ओळ हलली. गुरुजी तोंड फिरवून टोपी सारखी करत होते. त्यांनी टोपी घातलेलीच नव्हती.

हसून झाल्यावर धुरपाबाईनं विचारलं, "एवढं काय हाय त्या दगडात?"

मी सांगितलं. हा समुद्राचा तळ आहे, ज्या पोरीनं तो पाठीवर वाहून आणला तिची दोन वर्षांची मेहनत त्यात आहे, आणि तिनं तो जपून न्यायला सांगितला होता. तिनं हातोडा खाली ठेवला.

"पाठीवर आनला? पोरीनं?"

"अकरा दिवस."

"मंग आदी सांगायचं न्हाय व्हय." ती उठली आणि ढिगाशी उकिडवी बसली. तिचं बघणं वेगळंच होतं. ती रंग बघत नव्हती. प्रत्येक कपची बोटांत फिरवून तिची धार बघत होती. पहिला तुकडा तिनं माझ्या हातात दिला, त्यावर पांढरा ठिपका होता. दुसऱ्याला काचेची साल होती. पण पुढच्यांना दोन्हीतलं काही नव्हतं.

"हे कशावरून?"

"आपला दगड फुटला की लांबडी चीप निगती. ह्याची आखूड निगती, टोकदार. मारताना कळलं व्हतं. पर तवा कोन इचार करतंय?"

आठ तुकडे तिनं काढून दिले. नववा मी शोधला. चाटला, उजेडात धरला, त्यात हिरवट झाक दिसली आणि मी ओरडलो, "हा बघा!"

तिनं हातात घेऊन परत दिला. "न्हाय वो मास्तर. ह्यो आमचा."

"बाई, लडाखचा दगड मी ओळखतो," मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो. लडाखला मी कधी गेलेलो नाही.

"ऱ्हाऊ द्या मंग," ती म्हणाली आणि नवव्यासकट सगळे तुकडे फडक्यात बांधून तिनं माझ्या हातात ठेवले.

तिसरा दिवस: तात्या

सकाळी तात्यांकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते, कमरेला पानतंबाखूची चंची. चंचीतून तांबडा दगड निघाला, पण अर्धाच. पूर्ण दगड चंचीत मावेना म्हणून त्यांनी त्याचे दोन केले होते.

"दुसरा अर्धा?"

तात्यांनी तो कोनाड्यातून काढला. हा मोठा होता आणि ठिपका याच्यावर होता. मला रडू यायचं राहिलं.

"देनार न्हाय," तात्या म्हणाले. "सापडली म्हंजी आपली. पन्नास वर्सांत आशी गार बगितली न्हाय म्या."

मी काडेपेटी देऊ केली. त्यांनी ती उघडून बघितली. "ही संपती," म्हणाले आणि परत दिली.

मग मी खिशातून सुधानं दगडांबरोबर दिलेलं भिंग काढलं, दगड त्यांच्या हातातच ठेवला आणि फुटलेली बाजू वर करून त्यावर धरलं. तांबड्यात बारीक ठिपके दिसले, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. सांगितलं की हे समुद्रातले जीव आहेत, मेल्यावर तळाला बसलेले, आणि एक पोरगी अजून मोठ्या भिंगातून त्यांचे आकार बघणार आहे. त्यांच्यावरून तो समुद्र किती जुना ते कळतं.

तात्यांनी बराच वेळ बघितलं. "ही जित्राबं?"

"हो."

"पान्यातली?"

"पाण्यातली."

"मंग पान्यातल्या जित्राबात इस्तू कसा वो ऱ्हातो?" त्यांनी चंचीतून पोलाद आणि कापूस काढून दगडावर एक फटका मारला. ठिणगी कापसावर पडली, धूर निघाला.

तीस वर्षं भूगोल शिकवतोय. असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी प्रामाणिकपणे सांगितलं की मला माहीत नाही, पोरीला विचारीन.

"इचारा. आन मोटा तुकडा तिला न्या." त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ल्हान माजा. आन तुमच्या भाषनाला मी येनार."

ते आले. मी नको म्हटलं नव्हतं, हीच माझी चूक झाली.

शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं होतं. मी खाली हिरवा ठेवला, त्यावर फडक्यातले नऊ तुकडे, त्यावर तांबडा. आवाज लावला. मिटत चाललेला महासागर दोन्ही हातांनी करून दाखवला; पहिल्या रांगेतली माणसं मागं सरली. धुरपाबाई बायांत बसली होती. तिनंच विचारलं, "पर मास्तर, एवढा दर्या व्हता तर त्यो गेला कुटं?"

मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात कांबळे गुरुजी उठले. "दूध तापवतो आपण. साय येती. फुंकर मारली तर साय एका अंगाला सरकती, गोळा व्हती, थोडी कडंला चिकटती. व्हय का?"

"व्हय," पटांगण म्हणालं.

"दूध पिऊन टाका. पातेलं मोकळं. पर कडंला साय वाळलेली हाय, तर कुणी म्हणंल का, ह्यात दूध नव्हतंच?"

"न्हाय!"

"ही ती साय," गुरुजी म्हणाले आणि टेबलाकडे हात करून खाली बसले.

माझ्या तासाभराच्या भाषणाचं काम त्यांनी पाऊण मिनिटात केलं. तरी मी पुन्हा सूर धरला. शेवटाला राखून ठेवलेलं वाक्य उचलणार, इतक्यात तात्या पुढं आले, चंचीतून तांबडी गार काढली आणि मला न विचारता ठिणगी पाडली. टाळ्यांनी शाळेचे पत्रे वाजले. त्यांनी पेटलेल्या कापसावर विडी पेटवली आणि गर्दीला नमस्कार करून गेले. मी राखून ठेवलेलं वाक्य अजून माझ्याकडेच आहे.

पाहुण्याचा मान म्हणून मला पेलाभर दूध दिलं. त्या दिवशी गावात किती दूध निघालं होतं ते मी टेंपोच्या आवाजावरून ऐकलं होतं. पेला मी सावकाश प्यालो आणि कडेला काय राहतं ते बघितलं.

पुण्यात

सुधानं फडकं सोडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हिरवा बाजूला ठेवला, तांबड्याची फुटलेली बाजू भिंगाखाली धरली, काळे तुकडे मोजले आणि म्हणाली, "आठवड्यानं ये."

आठवड्यानं गेलो. तांबड्याचा अर्धा भाग कापाला पुरला होता. काळ्याची काचेची साल शाबूत होती. तिसरं प्रकरण वाचलं होतं. तात्यांच्या प्रश्नाचंही उत्तर तिच्याकडे होतं: त्या जीवांची कवचं गारगोटीच्याच द्रव्याची असतात, म्हणून दगड इतका कठीण, पोलादावर मारला की तो पोलादाचाच कण खरवडतो आणि तो कण पेटतो. विस्तव तात्यांच्या पोलादात होता. मी तसं गुरुजींना कळवलं. तात्यांना पटलं नाही, असं उलट टपाली उत्तर आलं.

"आता हे बघ," सुधा म्हणाली. टेबलावर आठ काळे तुकडे एका ओळीत होते आणि नववा लांब, एकटा. "हे आठ एकाच दगडाचे, एकमेकांत बसतात. हा नववा जमिनीवरच्या लाव्हाचा आहे. तिथलाच. निवडले कुणी?"

"तिथल्या एक जाणकार बाई आहेत, धुरपाबाई म्हणून."

"सगळे?"

"बहुतेक."

"मामा, आठ वेळा जिचा हात चुकला नाही, ती नवव्यांदा कशी चुकेल?"

मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकीबाहेर काही चाललं नव्हतं.

प्रबंध छापून आला तेव्हा त्याच्या आभाराच्या पानावर दोन प्राध्यापक, एक खेचरवाला आणि 'श्रीमती धुरपाबाई, बेंबळी, नमुना सतराचे तुकडे ओळखून दिल्याबद्दल' अशी नावं होती. ते पान मी गुरुजींकडे पाठवलं. त्यांनी ते रस्त्याच्या कामावर वाचून दाखवलं म्हणे. धुरपाबाईचा एकच निरोप आला: "म्या सांगितलं व्हतं, नववा आमचा हाय."

त्या पानावर माझं नाव नाही. नववा दगड मात्र मला मिळाला. सुधानं त्याच्यावर पांढरा ठिपका दिला आणि आकड्याच्या जागी 'मामा' असं लिहिलं. तो माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो. घरात कुणी नसलं की मी तो कधी कधी चाटून उजेडात धरतो.

मला तो अजूनही लडाखचाच वाटतो.